जुन्या अमेरिकन मसल कारची डागडुजी: खर्च किती, पुढे किंमत किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेट्रॉइटच्या आसपास मोटार कंपन्यांत नोकरी करणारी मराठी माणसं पुष्कळ आहेत. आठवडाभर नव्या गाड्यांचे ब्रेक नाहीतर वायरिंग बघायचं आणि शनिवारी कुणाच्या तरी गॅरेजात पन्नास-पंचावन्न वर्षांच्या शेव्हरोले कॅमारोखाली आडवं व्हायचं, हा नाद त्यातल्या काहींना लागतोच. हे वेड नव्याने लागलेले लोक जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. आकडे डॉलरमध्ये आहेत, आणि ढोबळ आहेत. मजुरी मिशिगन-ओहायोकडची धरली आहे. कॅलिफोर्नियात राहत असाल तर ती वाढवून वाचा.

मसल कार नेमकी कुणाला म्हणायचं?

मध्यम आकाराची, दोन दारांची, मध्यमवर्गाला परवडणारी गाडी आणि तिच्यात मोठ्या गाडीचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन. सुरुवात बहुतेक जण १९६४ च्या पॉन्टियाक जीटीओपासून धरतात. मध्यम गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही, असा जनरल मोटर्सचा अंतर्गत नियम होता. पॉन्टियाकच्या जॉन डिलोरियन आणि मंडळींनी ३८९ घन इंचांचं इंजिन 'टेम्पेस्ट' गाडीवरचं जादा पॅकेज म्हणून विकायला काढलं. नवीन मॉडेल आणलंच नाही, तर नियम मोडला कुठे? पहिल्याच वर्षी ३२,४५० जीटीओ खपल्या आणि नियम बोलणारे गप्प बसले.

मस्टँग, कॅमारो, बाराकुडा या आकाराने लहान, त्यांना काटेकोर लोक 'पोनी कार' म्हणतात. बाजार मात्र सगळ्यांना एकाच दावणीला बांधतो, आणि इथेही तसंच केलं आहे.

हा काळ जेमतेम आठ-नऊ वर्षांचा. तरुणांच्या विम्याचे हप्ते भडकले, १९७० चा स्वच्छ हवा कायदा आला, १९७१ पासून जनरल मोटर्सने इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरवलं, आणि १९७३ च्या तेलटंचाईने उरलंसुरलं संपवलं. १९७२ पासून अश्वशक्ती मोजायची पद्धतही बदलली: आधी उघडं इंजिन स्टँडवर ठेवून मोजायचे, नंतर सायलेन्सर, पंखा, अल्टरनेटर सगळं लावून. त्यामुळे ७१ आणि ७२ च्या जाहिरातींतली तफावत पाहून '७२ ची गाडी मेलेली' असं ठरवू नका, त्यातली बरीच घट कागदावरची आहे.

पूर्ण रिस्टोरेशनला खर्च किती?

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. १९६९ ची साधी व्ही-८ कॅमारो, एसएस नाही, झेड/२८ नाही (या तिच्या जास्त ताकदीच्या आवृत्त्या). गंजलेली, पण कागद आहेत आणि सगळे भाग जागेवर आहेत. काम बाहेर द्यायचं, मजुरी तासाला १०० डॉलर.

गाडी १८,००० ला मिळाली. नवीन पत्रा आणि बॉडीचे भाग ७,०००. पत्राकामाची मजुरी २५० तास, म्हणजे २५,०००. रंग, त्याआधीची घासाघास आणि साहित्य धरून, १८,०००. इंजिन उघडून नवं करायला ८,०००. गिअरबॉक्स आणि मागचा अ‍ॅक्सल ४,०००. ब्रेक, सस्पेन्शन, स्टिअरिंग ५,०००. सीट, गालिचा, छताचं कापड, डॅशबोर्ड ५,०००. वायरिंग, काचा आणि रबर ४,०००. बंपर आणि बारीकसारीक क्रोम ३,०००. शेवटी सगळी गाडी पुन्हा जुळवायला १५० तास, म्हणजे १५,०००.

बेरीज १,१२,००० डॉलर. एवढं करून उभी राहिलेली साधी ६९ कॅमारो साधारण ६०,००० ला जाईल. रंग नजरेत भरणारा असेल आणि गिऱ्हाईक हौशी भेटलं तर थोडं वर.

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण या धंद्यासाठीच केली असावी. पहिल्यांदा हा हिशेब पाहणाऱ्याला वाटतं की कुठेतरी आकडा चुकला आहे. चुकलेला नाही. बहुतेक गाड्यांच्या बाबतीत रिस्टोरेशनचा खर्च तयार गाडीच्या किमतीपेक्षा जास्तच होतो. म्हणून जाणकार सल्ला एकच देतात, आणि मीही तोच देतो: दुसऱ्या कुणीतरी मनापासून, पावत्या ठेवून तयार केलेली गाडी विकत घ्या. तो ५०,००० डॉलरचा तोटा त्याला सोसू द्या.

आणि सगळं स्वतः केलं तर?

वरच्या हिशेबातली पत्राकामाची आणि जुळवणीची मजुरी, म्हणजे ४०,०००, वाचेल. उरले ७२,०००. गाडी ६०,००० ची. म्हणजे स्वतःचे ४०० तास फुकट देऊनही बारा हजारांची खोट. शिवाय ४०० हे कसलेल्या कारागिराचे तास. वेल्डिंग यूट्यूबवर शिकणाऱ्याने सरळ दुप्पट-तिप्पट धरावेत. वेल्डर, कॉम्प्रेसर, इंजिन उचलायची क्रेन यांचा खर्च तर अजून धरलेलाच नाही.

रंग घरी मारायचा विचार सोडून द्या. धूळमुक्त बूथ लागतो, आणि आजकालच्या दोन घटकांच्या रंगातलं आयसोसायनेट फुप्फुसाला घातक असतं, त्याला बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. साधी जाळीची मुसकी बांधून चालत नाही.

तरीही लोक स्वतः करतातच, आणि करावंही. फक्त त्याला गुंतवणूक म्हणू नये. हौस म्हणावं आणि हौसेच्या खात्यात लिहावं.

एवढा पैसा खातं कोण?

गंज. इंजिन नव्हे. अमेरिकन व्ही-८ हे सोपं यंत्र आहे, शेव्हीच्या (शेव्हरोलेच्या) स्मॉल ब्लॉक, म्हणजे लहान व्ही-८ इंजिनाचे भाग आजही कुठेही मिळतात, आणि बिघडलेलं इंजिन खर्चाच्या अंदाजात बसतं. गंज बसत नाही, कारण तो उघडल्याशिवाय दिसत नाही.

मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं, त्यामुळे इथल्या गाडीची तपासणी खालून सुरू करायची. डिकीतलं स्टेपनीचं चाक काढा, गालिचा उचला आणि टॉर्च मारा. मागच्या काचेच्या खालच्या कडेला रबर कुजलं की पाणी झिरपून थेट डिकीच्या तळाशी उतरतं. तिथे ताज्या काळ्या रंगाचा जाड थर दिसला तर कुणीतरी घाईने काहीतरी झाकलं आहे असं समजा. मग मागच्या चाकावरच्या कमानीवर फ्रिजवरचं पातळ लोहचुंबक फिरवा. पत्र्याला ते टपकन चिकटतं. पुट्टीवर सरळ घसरून पडतं. पुढच्या काचेखालच्या जाळीत बादलीभर पाणी ओता आणि आतल्या गालिच्यावर हात ठेवा. ओला लागला तर काऊल (काचेखालचा पत्र्याचा खोका) गेला, आणि काऊल बदलायचा म्हणजे पुढची काच, डॅशबोर्ड, हीटर सगळं बाहेर. छतावर व्हिनाइल असेल तर कडेला बोट दाबत चला. कुरकुर आवाज आला तर त्याखाली पत्र्याची चाळणी आहे.

कोणत्या गाडीचा सांगाडा कसा आहे हेही पाहा. जीटीओ आणि शेव्हेल यांना खाली वेगळी चेसिस असते, तिच्यावर बॉडी ठेवलेली. मस्टँग आणि क्रायस्लरच्या गाड्या एकसंध बॉडीच्या. त्यांत तळाचे रेल गंजले तर गाडीचा कणाच गेला. कॅमारो मधली: पुढे सुटी सबफ्रेम (छोटी चेसिस), मागे एकसंध.

अ‍ॅरिझोना किंवा न्यू मेक्सिकोची गाडी महाग वाटली तरी घ्या. तिकडे ऊन सीट आणि डॅशबोर्ड फाडून ठेवतं, पण सीट कापडाची असते, बदलता येते.

भाग मिळतात का?

मस्टँग, कॅमारो, शेव्हेलचे जवळजवळ सगळे. क्लासिक इंडस्ट्रीज, इयर वन, नॅशनल पार्ट्स डेपो यांचे कॅटलॉग फोनच्या डिरेक्टरीएवढे जाड असतात. डायनाकॉर्न तर पहिल्या पिढीच्या कॅमारोची आणि जुन्या मस्टँगची अख्खी बॉडी नवी करून विकते. एएमसी, ब्यूक, मर्क्युरी घेतलीत तर मात्र एकेका क्रोमपट्टीसाठी स्वॅप मीट (जुन्या भागांचे बाजार) पालथे घालावे लागतात. नवख्याने पहिली गाडी मस्टँग किंवा कॅमारोच घ्यावी.

एक सावधगिरी: जुन्या गाडीची चेसिस क्रमांकाची पट्टी काढून नव्या बॉडीवर लावणं ही 'डागडुजी' नाही. चेसिस क्रमांकाशी छेडछाड हा संघीय गुन्हा आहे. नव्या बॉडीची गाडी नोंदवायची रीत प्रत्येक राज्यात वेगळी आहे, ती आधी विचारून घ्या.

'नंबर्स मॅचिंग' म्हणजे काय, आणि त्याने किमतीत एवढा फरक का पडतो?

कारखान्यातून गाडी निघाली तेव्हा तिच्यात जे इंजिन होतं तेच आज असणं. गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सलही तेच असले तर उत्तमच. या गाड्या पोरांनी सिग्नल ते सिग्नल शर्यती लावून पिळून काढल्या. इंजिनं फुटली, बदलली गेली, ड्रॅग स्ट्रिपवर कामी आली. त्यामुळे मूळ इंजिन टिकलेली गाडी कमी, आणि कमी तिथे भाव.

शेव्हीच्या बिग ब्लॉक, म्हणजे मोठ्या व्ही-८ इंजिनाचं घ्या. ब्लॉकच्या पुढच्या बाजूला, उजव्या सिलिंडर हेडच्या खाली एक सपाट पट्टी असते. तिच्यावर ठोकलेली अक्षरं टी या अक्षराने सुरू झाली तर इंजिन टोनावांडा कारखान्यातलं. पुढे महिना आणि तारीख, शेवटी दोन किंवा तीन अक्षरं. ती सीआरव्ही असतील तर १९७० च्या शेव्हेलमधलं ४५० अश्वशक्तीचं एलएस-६, चार गिअरवालं. शेजारी गाडीच्या चेसिस क्रमांकातले आकडे असले पाहिजेत. पण नुसती अक्षरं वाचून थांबू नका, पट्टीचा पृष्ठभाग पाहा. कारखान्यात ती पट्टी ब्रोचिंग यंत्रावर तासली जायची, त्याच्या केसाएवढ्या बारीक, समांतर रेघा तिथे राहतात. पट्टी आरशासारखी गुळगुळीत असेल, किंवा रेघांना सँडपेपरचा गोलावा असेल, तर जुने आकडे घासून नवे ठोकलेले असू शकतात. प्रत्येक वेळी ती लबाडीच असते असं नाही, इंजिन दुरुस्तीत ब्लॉकचा माथा तासला की खऱ्या खुणाही जातात. किंमत मात्र दोन्ही वेळा घसरते.

दुसरी कसोटी तारखांची. ब्लॉक ओतल्याची तारीख त्याच्या अंगावरच उमटवलेली असते. ती गाडी तयार होण्याच्या तारखेच्या आधीची हवी, आणि फार आधीची नको. गाडी मार्चमध्ये बनली आणि ब्लॉक मे महिन्यात ओतलेला निघाला, तर विक्रेत्याची पुढची गोष्ट ऐकायची गरज नाही.

कोणते कागद मागायचे?

कंपनीवर अवलंबून. १९६७ पासूनच्या फोर्डसाठी 'मार्टी रिपोर्ट' मागवा. फोर्डच्या उत्पादन नोंदींवरून गाडी कोणत्या रंगात, कोणत्या इंजिनाने, कोणत्या डीलरकडे गेली ते त्यात येतं. खर्च किरकोळ आहे. पॉन्टियाकसाठी हेच काम पीएचएस (पॉन्टियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेस) करते. १९६४-६५ च्या जीटीओला तर त्याशिवाय इलाज नाही, कारण तेव्हा जीटीओ हे पॅकेज होतं आणि चेसिस क्रमांकात त्याचा पत्ताच नसतो.

क्रायस्लरच्या गाड्यांत चेसिस क्रमांकातलं पाचवं अक्षर इंजिन सांगतं. १९७०-७१ मध्ये आर म्हणजे ४२६ हेमी (अर्धगोल ज्वलनकक्षाचं इंजिन), व्ही म्हणजे तीन कार्ब्युरेटरचं ४४०. शिवाय मडगार्डच्या आत एक छोटी पत्र्याची पट्टी, आणि ब्रॉडकास्ट शीट. हा कारखान्यातला कामाचा कागद, जो कामगार मागच्या सीटच्या स्प्रिंगांत खुपसून द्यायचे. सीट उलटी करून तो पिवळा पडलेला, उंदरांनी कुरतडलेला कागद सापडला तर जपून बाहेर काढा. हेमी गाडीच्या बाबतीत त्या चिटोऱ्याची किंमत चांगल्या रंगकामाहून जास्त भरते.

शेव्हरोलेचं दुखणं मोठं आहे. अमेरिकेत बनलेल्या गाड्यांच्या तशा नोंदी कंपनीने राखल्या नाहीत. १९७० च्या शेव्हेलच्या चेसिस क्रमांकावरून व्ही-८ आहे एवढंच कळतं; एसएस आहे की साधी मॅलिबू, ते नाही. तिथे बिल्ड शीट, मूळ विक्रीची पावती, प्रोटेक्ट-ओ-प्लेट नावाचं वॉरंटीचं धातूचं कार्ड, जे मिळेल ते. यातलं काहीच नसेल तर गाडी मॅलिबूच आहे असं धरून भाव करा.

क्लोन घेऊ का?

क्लोन म्हणून, क्लोनच्या भावात, खुशाल. मॅलिबूला एसएसचे पट्टे, बॉनेट आणि ४५४ इंजिन लावलं तर ती रस्त्यावर तशीच पळते, तसाच आवाज करते आणि पेट्रोल पंपावर तितकेच लोक जमा होतात. मूळ गाडी पार्किंगमध्ये सोडताना मालकाच्या जिवाला जो घोर लागतो तोही नाही. पण विकायला काढाल तेव्हा घेणारा क्लोनचेच पैसे देईल. आणि घेताना तुम्हाला तिचं सत्य सांगितलं गेलं असेल, तर पुढच्याला ते सांगणं तुमच्यावर बंधनकारक आहे.

तशीच जुनी, न रंगवलेली गाडी सापडली. ती चकाचक करून घेतली तर भाव वाढेल ना?

थांबा. हातही लावू नका. मूळ रंग, मूळ सीट, मूळ काचा टिकलेल्या गाडीला बाजारात 'सर्व्हायव्हर' म्हणतात, आणि गेल्या वीसेक वर्षांत तिचा मान रिस्टोर केलेल्या गाडीच्या वर गेला आहे. नवा रंग कधीही मारता येतो. कारखान्यातला रंग एकदा खरवडला की गेला.

सगळ्यात ठळक उदाहरण जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडात किसिमीला झालेल्या मेकमच्या लिलावातलं. एका गाजलेल्या १९६८ च्या चित्रपटातल्या पाठलागात वापरलेली हिरवी मस्टँग तिथे आली. विकणाऱ्या कुटुंबाने ती १९७४ मध्ये ६,००० डॉलरला घेतली होती. रंग फिका पडलेला, पत्र्यावर गंजाचे डाग. हातोडा पडला ३४ लाख डॉलरवर, शुल्क धरून ३७.४ लाख. कुणी प्रेमापोटी तिला चकाचक केलं असतं तर लाखो डॉलर सँडपेपरबरोबर गेले असते. तुमच्या गाडीला चित्रपटाचं वलय नाही हे खरं, पण नियम तोच. ब्रेक, टायर, पेट्रोलच्या नळ्या बदला, आतलं-बाहेरचं हलक्या हाताने स्वच्छ करा, आणि थांबा.

मग रिस्टोरेशनमध्ये पैसे सुटतात तरी कुणाचे?

ज्यांच्याकडे अशी गाडी आहे की तयार झाल्यावर तिची किंमत दोन-तीन लाखांच्या पुढे जाते. कारण पत्राकामाची आणि रंगाची मजुरी साध्या कॅमारोला जेवढी, जवळपास तेवढीच दुर्मीळ गाडीलाही. १९६९ च्या कॅमारो झेडएल-१ फक्त ६९ बनल्या, अ‍ॅल्युमिनियमच्या ४२७ इंजिनाच्या. १९७० ची हेमी कुडा (बाराकुडाची हेमी इंजिनाची आवृत्ती) ६५२ हार्डटॉप आणि १४ कन्व्हर्टिबल. ब्यूक जीएसएक्स त्याच वर्षी ६७८. अशी गाडी गंजून भुगा झालेली मिळाली तरी लोक ती उभी करतात, आणि हिशेब जुळतो.

उलट बाजूला १९६६ ची मस्टँग. त्या वर्षी सहा लाखांहून जास्त बनल्या. सुंदर गाडी आहे, पण सहा सिलिंडरवाल्या मस्टँगवर ८०,००० खर्च करणाऱ्याने ती विकायची नाही असं मनाशी पक्कं केलेलं बरं.

रिस्टोमॉडचं काय?

जुनी बॉडी, आत जनरल मोटर्सचं नवं एलएस किंवा फोर्डचं कोयोटी इंजिन, पाच-सहा गिअरचा ट्रेमेक गिअरबॉक्स, डिस्क ब्रेक, एसी. चालवायला याला तोड नाही. साठच्या दशकातले चारही ड्रम ब्रेक पावसात एकदा दाबून पाहिले की लोक का बदलतात ते कळतं. लिलावात उत्तम रिस्टोमॉड मूळ गाडीच्या दीड-दोनपट जाताना दिसतात. पण ते नामांकित बांधणाऱ्यांचे असतात, आणि बांधणीला बहुधा त्याहून जास्त लागलेले असतात. शिवाय ही फॅशन आहे: आजची २० इंची चाकं आणि डॅशबोर्डवरचा टचस्क्रीन दहा वर्षांनी कसा दिसेल, याचा विचार करा. माझं मत विचाराल तर साध्या, कागद नसलेल्या गाडीचं रिस्टोमॉड जरूर करा. मूळ इंजिनाच्या गाडीचं करू नका. आणि केलंच, तर काढलेलं इंजिन ग्रीस लावून कोपऱ्यात जपून ठेवा.

टीव्हीवर बॅरेट-जॅक्सनच्या लिलावात कसली कसली किंमत येते. माझ्याही गाडीला येईल?

तिथे दिसतो तो सगळ्यात वरचा थर, दिवे, गर्दी आणि मोकळा बार. घेणाऱ्याला वर साधारण दहा टक्के शुल्क पडतं, विकणाऱ्याचं कमिशन वेगळं, गाडी नेण्याचा खर्च वेगळा. रोजच्या भावासाठी ब्रिंग अ ट्रेलर या लिलावाच्या संकेतस्थळावर आपल्यासारखीच गाडी गेल्या वर्षभरात कितीला गेली ते पाहा, खालच्या चर्चेसकट. तिथले लोक एकेक स्क्रू चुकीचा असल्याचं सांगतात. हॅगर्टी या विमा कंपनीच्या किमतींच्या तक्त्यात प्रतीला एक (सर्वोत्तम) ते चार क्रमांक असतात. बहुतेक मालकांना आपली गाडी दोन नंबरची वाटते आणि ती निघते तीन नंबरची. त्या एका पायरीत वीस-तीस हजार सहज जातात.

पुढे किंमत वाढेल की पडेल?

सरसकट उत्तर देणाऱ्याकडून गाडी घेऊ नका.

आधी मागचं पाहू. २००४ ते २००७ या काळात मसल कार आकाशाला भिडल्या, विशेषतः हेमी. २००८ च्या मंदीत त्याच गाड्या धाडकन आपटल्या. पुढे हळूहळू सावरल्या, २०२१-२२ मध्ये घरबसल्या पैसा हातात खेळू लागल्यावर पुन्हा चढल्या, आणि मग थंडावल्या. १९७१ च्या हेमी कुडा कन्व्हर्टिबल फक्त ११ बनल्या. त्यातली एक २०१४ मध्ये सिअ‍ॅटलला ३५ लाखांच्या बोलीवर गेली. २०२१ मध्ये दुसरीला इंडियानापोलिसला ४८ लाखांची बोली लागूनही मालकाने दिली नाही. त्या उंचीवर बाजार म्हणजे मोजके दहा-वीस लोक.

महागाईही धरा. २००६ मध्ये ४०,००० ला घेतलेली गाडी २०२४ मध्ये सुमारे ६२,००० ला गेली, तरच कुठे बरोबरी झाली. मधला विमा, टायर, गॅरेजची जागा धरली तर बरोबरीही नाही.

खरा प्रश्न पिढीचा आहे. या गाड्यांवर जीव टाकणारे लोक १९४६ ते १९६४ मध्ये जन्मले. शाळेत असताना शेजारच्या दादाकडे जी गाडी होती ती त्यांना साठीत हवी होती. आता ते गाड्या विकताहेत, किंवा त्यांची मुलं विकताहेत. पुढच्या पिढीच्या भिंतीवर पोस्टर वेगळी होती: जपानी स्कायलाइन, सुप्रा, ऐंशीच्या दशकातली फॉक्स बॉडी मस्टँग. परदेशी गाडी २५ वर्षांची झाली की अमेरिकेत आणायला मोकळी होते, त्यामुळे त्यांचा ओघ दरवर्षी वाढतो.

माझा अंदाज असा. कागदांसकट मूळ इंजिनाच्या, कमी बनलेल्या गाड्या भाव राखतील. चांगल्या प्रतीच्या, निर्धास्त चालवता येतील अशा कॅमारो-मस्टँग महागाईच्या मागे रेंगाळत जातील. सगळ्यात वाईट हाल मधल्यांचे: लाखभर ओतून चकाचक केलेल्या, पण कागद नसलेल्या साध्या गाड्या. आणि अर्धवट सुटे करून डब्यांत भरलेले प्रकल्प आणखी स्वस्त होतील, कारण मजुरी वाढतच चालली आहे.

डॉजची व्ही-८ चॅलेंजर आणि शेव्हीची कॅमारो २०२३ च्या अखेरीस बंद झाल्या. त्यामुळे जुन्यांचा भाव वाढेल असं अनेकांना वाटतं. मला उलटंही शक्य वाटतं: ज्याला आवाज आणि वेग हवा आहे त्याला ४०,००० त एसी असलेली, पावसात थांबणारी चॅलेंजर मिळते. तो १९७० चीच का घेईल?

कर आणि विमा?

नफ्यात विकली तर सीपीएला (कराचा हिशेब पाहणाऱ्या लेखापालाला) विचारा. संग्राह्य वस्तूंवरच्या दीर्घकालीन नफ्याला अमेरिकेत २८ टक्क्यांपर्यंत कर लागू शकतो. डागडुजीच्या पावत्या खरेदी किमतीत मिळवता येतात, म्हणून बोल्टची पावतीसुद्धा टाकू नका. तोट्यात विकली तर मात्र स्वतःच्या वापराच्या गाडीचा तोटा वजा मिळत नाही. विमा 'अ‍ॅग्रीड व्हॅल्यू'चाच घ्या, म्हणजे रक्कम आधीच ठरलेली. नेहमीच्या विम्यात गाडी चोरीला गेली की समोरचा माणूस पन्नास वर्षांचा घसारा काढायला बसतो.

काम बाहेर द्यायचं तर कसं?

लेखी. फोटो दर आठवड्याला, बिल दर महिन्याला, आणि झालेल्या कामापुरतेच पैसे. आमच्या मंडळातल्या एकाची गाडी एका दुकानात सुटी पडून राहिली. मुलगी नववीत होती तेव्हा दिली, ती कॉलेजला गेली तरी दरवाजे बसलेले नव्हते. पैसे निम्म्याहून जास्त आधीच दिलेले, मग दुकानदाराला घाई कशाची? सुटा केलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून, नाव लिहून, फोटो काढून ठेवायचा, ही अट करारात घाला.

रोज चालवता येईल?

रोज नको, आठवड्याला जरूर चालवा. उभी राहिली की रबरी सील सुकतात, टाकीत गंज धरतो. आजच्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, ते जुन्या रबरी नळ्या खातं, म्हणून त्या आधी बदला. तेल जास्त झिंक असलेलं घाला, नाहीतर जुन्या पद्धतीच्या कॅमशाफ्टची झीज होते. मिशिगनमध्ये ऐतिहासिक गाडीची पाटी घेतली तर वापर मेळावे, मिरवणुका आणि प्रदर्शनांपुरता मर्यादित असतो, मात्र ऑगस्ट महिनाभर मोकळीक असते. त्याच महिन्यात वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ भरते. कुठली गाडी घ्यायची ते ठरत नसेल तर आधी तिथे खुर्ची टाकून दिवसभर बसा, आणि मालकांशी बोला. खरे आकडे तिथेच कळतात.

नवऱ्याने गॅरेजभर सुटे भाग पसरले आहेत आणि म्हणतो ही गुंतवणूक आहे. खरं आहे का?

वहिनी, वरचा कॅमारोचा हिशेब त्यांच्यासमोर ठेवा. गुंतवणूक असेल तर पावत्यांची फाइल असेल, मार्टी रिपोर्ट असेल, आणि काम संपायची तारीख असेल. तिन्ही नसतील तर तो छंद आहे. छंदाला हरकत नाही, पण मग गॅरेजात हिवाळ्यात तुमची गाडीही उभी राहिली पाहिजे.

ही गाडी पुण्याला नेता येईल का?

कागदोपत्री वाट आहे, पण चढाची. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाडीची विंटेज म्हणून नोंदणी होते. पाटीवर व्हीए अक्षरं येतात, नोंदणी शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. मूळ स्वरूपात मोठे फेरफार चालत नाहीत, म्हणजे रिस्टोमॉडवाल्यांनी नाद सोडावा. अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच. स्टिअरिंग डावीकडे असलेल्या गाडीला मोटार वाहन कायद्याच्या कलम १२० प्रमाणे ठरावीक प्रकारचं इशारा देणारं यंत्र लागतं. आयातीच्या अटी आणि सीमाशुल्क डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) चालू अधिसूचनेत पाहून, कस्टम्स एजंटकडून लेखी अंदाज घेऊनच गाडी जहाजावर चढवा. बहुतेकांच्या बाबतीत शुल्क आणि भाडं मिळून गाडीच्या किमतीच्या वर जातं, आणि तिकडे हेमीचे गॅस्केट सेट मिळत नाहीत. नेणार असाल तर दोन जोडच डिकीत टाका.